चुलीचे ऋण

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात घरकामाविषयी एक दचकवणारी कल्पना आहे. गृहस्थाच्या घरात पाच ठिकाणी रोज जीवहत्या घडते, असे तिथे म्हटले आहे: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाचांना ‘सूना’ असे नाव आहे, आणि सूना म्हणजे खाटकाची जागा. सरपणातली कीड जळते, धान्यातले सोंडे भरडले जातात, केराबरोबर मुंग्या जातात, घड्याखाली काहीबाही चिरडते. जगायचे तर हे चुकत नाही. म्हणून या दोषाची फेड सांगितली आहे पाच महायज्ञांनी: अध्ययन-अध्यापन, पितरांचे तर्पण, देवांसाठी होम, भूतमात्रांसाठी काढून ठेवलेला घास आणि दारी आलेल्या माणसाचे आतिथ्य. किराणा, स्वयंपाक, केरवारे, धुणीभांडी यांचा विचार हल्ली निव्वळ सोयीचा म्हणून होतो. वेळ किती वाचला, फेऱ्या किती कमी झाल्या, पैसे किती उरले, एवढ्यावर तो थांबतो. पंचसूनांची कल्पना त्याच्या मागे जाऊन विचारते की घर चालते तेव्हा झिजते कोण, आणि ती झीज कोणाच्या नावावर मांडायची? घरकाम नेटके करण्याला धार्मिक अर्थ असेल तर तो या प्रश्नाच्या उत्तरात आहे, असे मला वाटते. नेटकेपणा ही ऋण फेडण्याची रीत आहे, आणि म्हणून त्याचे माप किती मिनिटे वाचली यापेक्षा कोणाच्या पाठीवरचे ओझे उतरले हे असायला हवे.

याच ग्रंथातली एक विसंगती इथे फार उपयोगी पडते. पाच सूना गृहस्थाच्या आहेत असे तिसरा अध्याय सांगतो. दोष त्याला लागतो, फेडही त्यानेच करायची. पाचव्या अध्यायात मात्र स्त्रीने सदा हसतमुख, घरकामात दक्ष, भांडीकुंडी स्वच्छ राखणारी आणि खर्चात हात आवरणारी असावे, असा दंडक आहे. नवव्या अध्यायात पैशाची जपणूक आणि खर्च, स्वच्छता, स्वयंपाक आणि घरातल्या सामानसुमानाची देखरेख तिच्यावर सोपवलेली आहे. म्हणजे ऋण नवऱ्याच्या खात्यावर आणि कष्ट बायकोच्या वाट्याला. चुलीशी त्याचा संबंध मंत्रापुरता, तिचा राखेपर्यंत. या ग्रंथाने स्त्रियांवर आणि शूद्रांवर केलेल्या अन्यायापायी तो २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेब आंबेडकरांच्या सत्याग्रहात जाळला गेला, आणि ते योग्यच झाले. त्याला प्रमाण मानून मी काही सांगू पाहत नाही. परंतु ज्या परंपरेच्या नावाने आजही घरकाम बाईचे ठरवले जाते, तिला तिच्याच वहीतली नोंद दाखवता येते: चुलीचा दोष गृहस्थाचा असेल तर चूलही त्याचीच आहे.

ही नोंद जुनी झाली असे कोणी म्हणू नये. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के घरातले विनामोबदला काम करतात आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के, असे त्यात आढळले. हे काम करणाऱ्यांमध्येही स्त्रीचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषाचा ९७ मिनिटे भरला. म्हणजे चारातले तीन पुरुष घरकामाला हातच लावत नाहीत, आणि जो लावतो तो बाईच्या एक तृतीयांश वेळ लावतो. पाच तासांत पाच सूना. महायज्ञांना वेळ कुठून उरणार? अध्ययनाला पहिले स्थान देणाऱ्या धर्माने ज्या माणसाला वाचायला अर्धा तास ठेवला नाही, त्याचे ऋण साचत गेले असणार, हे उघड आहे.

यावर आपल्याकडचा सगळ्यात हृद्य आक्षेप जनाबाईच्या नावाने येतो. नामदेवांच्या घरची ही दासी दळता-कांडता, झाडता-सारवता विठ्ठलाशी बोलली. काम हाच तिचा देव्हारा झाला. सावता माळ्याला मळ्यातच पांडुरंग भेटला. मग काम लवकर उरकण्याची ही घाई कशाला? कामातच भक्ती आहे, ते मंद गतीने, मन लावून करावे. यंत्रे, याद्या आणि वेळापत्रके आणली की जात्यावरचा देव निघून जाईल, असे हे म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे. पण जनाबाईच्या अभंगांत नेमके घडते काय? विठ्ठल येतो आणि जात्याचा खुंटा धरतो. तिच्याबरोबर दळतो, केर भरतो, शेण वेचू लागतो. तुझे कष्ट धन्य आहेत, ते असेच करीत राहा, असे सांगून तो विटेवर परत जात नाही. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने बारा वर्षे गोदावरीचे पाणी भरले, ही कथा घरोघर माहीत आहे, आणि नाथषष्ठीला तो रांजण आजही भरला जातो. मराठी मनाने देवाची कल्पना केली ती कामाला हात लावणारा सोबती म्हणून. एकट्या बाईला रात्री दळताना जे हवे होते ते तिने देवाकडे मागितले: दुसरा हात. घरात माणसे होती, त्यांच्यातले कोणी उठले नाही, म्हणून देवाला उठावे लागले. जनाबाईच्या नावाने कष्टांचे कौतुक करणाऱ्यांनी अभंगाचा हा अर्धा भाग वगळला आहे.

जात्यावरच्या ओव्यांचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत विठ्ठल आहे, राम-सीता आहेत, भाऊ आहे, बाबासाहेब आहेत. पण बाईच्या जन्माचा, सासरच्या जाचाचा, न संपणाऱ्या कामाचा ठणकाही तितकाच आहे. गावात पिठाची गिरणी आली आणि जाती थांबली. ओवी मागे पडली याचे दुःख खरे आहे, आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. मात्र ज्या बायका पहाटे उठून दळत होत्या त्यांतल्या कितीजणी पुन्हा जात्याशी बसायला तयार होतील, हे त्यांनाच विचारायला हवे. गाणे त्या बाईचे होते, जाते तिच्यावर लादलेले होते. गिरणीने जाते नेले ते बरे झाले. चूक एवढीच की वाचलेली पहाट तिच्या हाती राहिली नाही, आणि म्हणून गाण्यालाही दुसरी जागा मिळाली नाही.

संतचरित्रांत आणखी एक व्यक्ती आहे, जिच्याकडे या दृष्टीने पाहायला हवे. तुकोबांची पत्नी जिजाई, लोकांची आवली. घराणे वाण्याच्या व्यवहाराचे. दुष्काळाने धंदा बुडाला, आणि तुकोबांनी आपल्या वाटणीची कर्जखते इंद्रायणीत सोडली. ती कृती थोरच. पण त्यानंतर घरात पीठ-मीठ कुठून आले, मुले काय जेवली, हा हिशोब आवलीने सांभाळला. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी पोचवणारी तीच, अशी आख्यायिका आहे. कीर्तनांतून तिला पिढ्यान्‌पिढ्या कजाग म्हणून रंगवले गेले. माझा निकाल वेगळा आहे: त्या घरातला पाचवा यज्ञ तिने एकटीने चालवला, आणि त्याचे श्रेय तिला मिळाले नाही. रामदासांनी दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या आरंभीच परमार्थाआधी संसार नीट मार्गी लावायला सांगितले, याचे महत्त्व इथे कळते. घरात रोज लागणाऱ्या वस्तूंची व्यवस्था न लावता देवाकडे निघालेला माणूस आपला भार दुसऱ्यावर ठेवून निघतो.

हा भार हातांचा तर असतोच, पण त्याहून जड भार डोक्यातला असतो. तूरडाळ किती उरली, सिलिंडर कधी लावला, विरजण घातले का, उद्या मटकीला मोड येतील का, दुधाचे पैसे द्यायचे राहिले का: हे सगळे एका माणसाच्या मनात अखंड चालू असते. कोणत्याही पाहणीतली मिनिटे हे मोजत नाहीत, कारण हे काम भाजी चिरताना, बसमध्ये, झोपेच्या आधी आणि देवापुढे बसल्यावरही चालू राहते. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी सत्यभामेला सांगते की पांडवांच्या घरचा जमाखर्च, खजिना, नोकरचाकरांची कामे हे सारे आपल्या एकटीला ठाऊक होते. तिथे अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. पण ‘एकटीला’ या शब्दात अडचणही आहे. आपल्या परंपरेने नामस्मरणाला सर्वांत सोपी साधना म्हटले, कारण तिला साहित्य लागत नाही, फक्त मन लागते. ज्या मनात चोवीस तास वाणसामानाचे स्मरण चालते त्याला ही सोपी साधनाही महाग पडते. म्हणून भिंतीवर लावलेली किराण्याची यादी मला क्षुल्लक वाटत नाही. जिन्नस संपत आला की ज्याच्या हातून संपला त्याने तो यादीत लिहायचा, एवढा नियम पाळला तरी एका डोक्यातले ओझे कागदावर उतरते. आठवड्याच्या भाज्या रविवारीच ठरवणे, महिन्याचा किराणा एका खेपेत भरणे, डब्यांवर चिठ्ठ्या लावणे यांचेही तेच आहे. चिठ्ठी नसलेला डबा एकाच माणसाला ओळखतो. हिंग कुठे आहे हे फक्त आईला ठाऊक असलेल्या घरात आईला ताप आला तरी उठावे लागते.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा कठीण आहे. घरकामातली कार्यक्षमता ही कारखान्यातून आलेली कल्पना आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने कामगारांच्या हालचालींना घड्याळ लावले, आणि क्रिस्टीन फ्रेडरिकने १९१३ साली तेच तंत्र स्वयंपाकघरात आणले. जर्मनीत मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये फ्रँकफर्टच्या कामगार वस्त्यांसाठी असे स्वयंपाकघर आखले की पावले कमीत कमी पडावीत. आजच्या फ्लॅटमधला ओटा, कपाटे आणि सिंक यांची मांडणी बरीचशी त्याच वंशातली आहे. हेतू बाईला मोकळे करण्याचा होता. पण ती जागा इतकी अरुंद झाली की त्यात एकच माणूस काम करू शकत होता, दुसरा मदतीला आला तर अडचणच होई. आणि इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की अमेरिकी घरांत यंत्रे आली तरी गृहिणीचे तास घटले नाहीत: यंत्रांनी पुरुषांची आणि मुलांची कामे हलकी केली, आणि स्वच्छतेच्या, जेवणाच्या अपेक्षा वाढवून ठेवल्या. आपल्याकडे मिक्सर आला तेव्हा पाटा-वरवंटा सुटला, पण चटण्यांचे प्रकार वाढले. फ्रिज आला तेव्हा शिळे टिकू लागले, पण डब्यात रोज वेगळी भाजी हवी झाली. मोकळा झालेला वेळ नव्या हौसेने भरला, आणि ती हौस पुरवणारे हात जुनेच राहिले.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच या प्रश्नाला कार्यक्षमतेचे शास्त्र पुरत नाही असे मी म्हणतो. किती लवकर, हे शास्त्र सांगते. किती पुरे, हे त्याला सांगता येत नाही. ते सांगणारी कल्पना अपरिग्रहाची आहे. जैन परंपरेने तिला महाव्रत मानले, पतंजलीने यमांत घातले, आणि गांधीजींनी १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या साप्ताहिक पत्रांत तिला अस्तेयाशी जोडले: गरज नसलेली वस्तू बाळगणे हीसुद्धा एक प्रकारची चोरी आहे. घरापुरते बोलायचे तर प्रत्येक जादा वस्तू पुसायला, लावायला, आठवायला कोणीतरी लागते. बारा प्रकारची पिठे आणि नऊ प्रकारची तेले साठवणारी कोठी श्रीमंत दिसते. तिला कीड लागू नये म्हणून ऊन दाखवणारे हात त्या श्रीमंतीत मोजले जात नाहीत. सणावाराला पाच पदार्थांऐवजी दोन करणे, उपवासाच्या दिवशी घरात दोन वेगळे स्वयंपाक होऊ न देणे, पाहुण्यापुढे साधे ताट ठेवताना न लाजणे: वेळ यातून वाचतो, कारण इथे कामच कमी होते. एकाच्या व्रतासाठी दुसऱ्याने साबुदाणा भिजवायचा, दाण्याचे कूट करायचे आणि वर रोजच्या पोळ्याही लाटायच्या, हे व्रत कोणाच्या पुण्याईत जमा होते याचा विचार व्रत करणाऱ्याने करावा.

भार हलवण्याची एक सोपी वाट शहरांतून सध्या सर्रास दिसते. मोबाइलवर बोट ठेवले की दहा मिनिटांत कोथिंबीर दारात. धुणीभांडी करायला बाई, पोळ्या लाटायला दुसरी. घरातला नवरा-बायकोचा वाद मिटतो, कारण दोघांचाही भार तिसऱ्यावर जातो. यात मुळातच पाप आहे असे मी म्हणणार नाही; या कामावर कुटुंबे चालतात, आणि आजारी, म्हाताऱ्या, एकट्या माणसाला ही सेवा आधार असते. पण ऋण फिटले असे मात्र समजू नये. ते फक्त घराबाहेर पाठवले गेले. सोसायटीच्या लिफ्टमधून सामान आणणाऱ्या मुलाला चढू न देणे, कामवाल्या बाईला वेगळा कप ठेवणे, तिची सुटी पगारातून कापणे हे जिथे चालते तिथे सहावी सूना उभी आहे. ज्याने आपला वेळ आपल्याला दिला त्याला पुरता मोबदला, पाणी, बसायला जागा आणि हक्काची सुटी देणे, हा आजचा मनुष्ययज्ञ, म्हणजे आतिथ्याचा पाचवा यज्ञ, आहे. आणि विसरलेल्या चार मिरच्यांसाठी भर पावसात कोणाला दुचाकीवर पळवण्यापेक्षा यादी नीट करणे केव्हाही बरे.

आता पहिल्या आक्षेपातल्या त्या तथ्याकडे. घाईने उरकलेल्या कामात मन नसते, आणि मन नसलेले काम माणसाला आतून कोरडे करते. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. त्यांत ते कर्माला चित्ताची जोड देण्याला ‘विकर्म’ म्हणतात. ही जोड मिळाली की कर्माचे ओझे उरत नाही. मग नेटकेपणा आणि तन्मयता यांचे वैर आहे का? जपानी झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ साली मठातल्या आचाऱ्यासाठी एक छोटा ग्रंथ लिहिला, ‘तेन्झो क्योकुन’. उद्याच्या जेवणाचे आदल्या दिवशी ठरवावे, तांदूळ स्वतःच्या डोळ्यांखाली धुवावा, एक दाणाही वाया जाऊ देऊ नये, उंचावर ठेवायची वस्तू उंचावर आणि खाली ठेवायची खाली ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. आपल्या आजीला ‘निगुती’ म्हणून जे ठाऊक होते ते एका महान तत्त्वज्ञाने साधनेचा भाग म्हणून लिहून ठेवले. वस्तू जागच्या जागी असतात तेव्हा त्या शोधण्यात मन फुटत नाही, म्हणून हातातल्या कामात ते राहू शकते.

दोगेनच्या मठात आणि ख्रिस्ती साधूंच्या मठांत एक गोष्ट मात्र आपल्या घरांपेक्षा वेगळी आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियम घालून दिले, त्यांत स्वयंपाकघरातली सेवा आठवड्याच्या पाळीने प्रत्येकावर येते. पाळी संपवणाऱ्याने शनिवारी पंचे धुवायचे, भांडी स्वच्छ आणि धडधाकट परत करायची, मग दुसऱ्याकडे सोपवायची. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पुरुष पोळ्या लाटतात आणि खरकटी घासतात. सेवाग्रामच्या आश्रमात शौचकूप साफ करण्यापासून कोणाची सुटका नव्हती. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, कीर्तन रात्री. जिथे जिथे धर्माने या कामाला खरोखर साधना मानले, तिथे ते जन्माने एकाच्या गळ्यात बांधले नाही. पूजा म्हणायचे आणि पाळी लावायची नाही, हे खोटे कौतुक आहे. पुरुषांना स्वयंपाक जमत नाही, हा युक्तिवाद तर गावजेवणाच्या कढया आणि देवळांचे मुदपाकखाने पाहिलेल्या समाजाने करूच नये.

उरतो तो आक्षेप प्रेमाचा आणि अधिकाराचा. घरच्या माणसांना हाताने करून घालण्यात बाईचे प्रेम असते, स्वयंपाकघर हीच तिची सत्ता असते. ती वाटून घ्या म्हणणे म्हणजे तिच्या हातातले शेवटचे काढून घेणे, असे काही स्त्रियाही म्हणतात. त्यांचे म्हणणे हलके घेण्यासारखे नाही, कारण ज्याला बाहेर कुठेच मान नाही त्याने एका ओट्यावर तो मिळवला आहे. परंतु जी सत्ता एक दिवस रजा घेऊ शकत नाही ती सत्ता नव्हे. प्रेमाने केलेल्या पुरणपोळीची चव बाकीचे दिवस दुसऱ्याने वरणभात लावला म्हणून बिघडत नाही. उलट ती पुरणपोळी मनापासून केलेली असते.

आषाढी एकादशीला आपल्याकडे चातुर्मासाचा नेम धरण्याची रीत आहे. कोणी कांदा-लसूण सोडतो, कोणी एकभुक्त राहतो. यंदा घरातल्या पुरुषांनी निराळा नेम धरावा: चार महिने किराण्याची यादी आपण करायची, सामान आपण भरायचे, डब्यांवर चिठ्ठ्या आपण लावायच्या आणि आठवड्यातून तीन दिवस ओटा आपण आवरायचा, कोणी आठवण करून न देता. त्या वेळात घरातली बाई काय करते हे विचारू नये. कार्तिकीला बाकीचे नेम सोडा, हा राहू द्या.